सिंगापूरला नातेवाइकांकडे मुक्कामाला जाताना

सिंगापूरला हॉटेलात उतरणाऱ्या प्रवाशाला शहराची माहिती असली की भागते. भाचीकडे, पुतण्याकडे किंवा मुलीकडे उतरणाऱ्याला मात्र शहराबरोबर त्या घराचे वेळापत्रकही समजून घ्यावे लागते, आणि हे दुसरे काम जास्त नाजूक असते. आपल्याकडे पाहुणा आला की शेजारच्या वहिनी चहाचे विचारून जातात, घरातले कोणीतरी अर्धी रजा टाकते आणि सगळे निभावून जाते. तिथे साधारण नव्वद चौरस मीटरच्या घरात चार माणसे राहत असतात, मुले सकाळी सातच्या आत शाळेसाठी बाहेर पडतात, त्यांच्या पाठोपाठ नवरा-बायको कामावर निघतात आणि संध्याकाळी सातपर्यंत घरात पाहुण्याखेरीज कोणी नसते. माझी भाची पुंगोल भागात राहते आणि मी तिच्याकडे तीन वेळा राहून आले आहे. पहिल्या खेपेला मी सिंगापूरची तयारी भरपूर केली होती आणि भाचीच्या घराची अजिबात केली नव्हती. पुढचा मजकूर त्या चुका वजा करून लिहिलेला आहे.

पहिली पायरी: तिकिटाआधी घराची चौकशी

नातेवाईक ज्या घरात राहतो ते कोणत्या प्रकारचे आहे, हे निःसंकोचपणे विचारून घ्यावे. सिंगापूरमधील बहुसंख्य रहिवासी एचडीबीच्या, म्हणजे १९६० साली स्थापन झालेल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. या घरांना आपल्या म्हाडाच्या मापाने जोखू नये. ती नीटनेटकी आणि उत्तम देखभालीची असतात. दुसरा प्रकार कॉन्डोचा, म्हणजे खासगी गृहसंकुलाचा. तिथे फाटकावर पहारेकरी असतो, पाहुण्याची नोंद होते, पोहण्याचा तलाव असतो आणि त्या तलावाचे नियमही असतात. साडी किंवा सुती कुर्ता घालून पाण्यात उतरता येत नाही, पोहण्याचाच पोशाख लागतो. तिसरा प्रकार बहुतेक वेळा कोणी सांगत नाही आणि तोच महत्त्वाचा असतो. नुकताच नोकरीला लागलेला भाचा अनेकदा अख्खे घर नव्हे तर एखाद्या घरातील एक खोली भाड्याने घेऊन राहत असतो, आणि त्याच्या करारात रात्रीच्या मुक्कामाला पाहुणे ठेवू नयेत, स्वयंपाक अगदी जुजबी करावा, अशी कलमे असू शकतात. तो भिडेखातर ‘या की आत्या’ म्हणेल आणि मग घरमालकाशी त्याचा खटका उडेल. अशा वेळी जवळच्या हॉटेलात उतरून संध्याकाळी त्याच्याबरोबर जेवावे. त्यात कोणाचाही मान कमी होत नाही.

तारखा ठरवताना घरातील मुलांच्या शाळेकडे पाहावे. स्थानिक शाळेत सहावीत असलेल्या मुलाची पीएसएलई ही प्राथमिक शाळेअखेरची परीक्षा असते. तिची तोंडी परीक्षा ऑगस्टमध्ये आणि लेखी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीस होते. आपल्याकडे दहावीच्या वर्षी घरात जे वातावरण असते तेच तिथे बाराव्या वर्षी असते, त्यामुळे त्या वर्षी गणपती आटोपून लगेच निघण्याचा बेत रद्द करावा. जूनमधील चार आठवड्यांची आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतची सुट्टी मुलांच्या सहवासासाठी उत्तम. मात्र भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांच्या सुट्ट्या निराळ्या असतात, म्हणून आधी विचारावे. चिनी नववर्षाच्या दोन दिवसांत बहुतेक दुकाने व खाद्यगृहे बंद असतात. हवामानाचा विचार फारसा करावा लागत नाही, कारण विषुववृत्ताच्या अगदी जवळ असलेल्या या बेटावर बारा महिने आपल्या मे महिन्यातील कोकणासारखा दमटपणा असतो आणि पाऊस कधीही येतो. छत्री आणि शाल या दोन्ही वस्तू पिशवीत कायम असाव्यात; छत्री बाहेरच्या पावसासाठी आणि शाल मॉलमधील गारठ्यासाठी.

मुक्काम किती दिवसांचा असावा, या प्रश्नाला माझे स्पष्ट उत्तर आठ ते दहा दिवस हे आहे. दोन शनिवार-रविवार त्यात बसतात आणि मधले पाच दिवस आपण स्वतःच्या पायावर काढू शकतो. आई-वडिलांची गोष्ट वेगळी असते. त्यांना महिनाही कमी वाटतो.

दुसरी पायरी: व्हिसा आणि आगमनपत्र

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला जाण्यासाठी आधी व्हिसा घ्यावा लागतो. त्याचे दोन मार्ग आहेत. नातेवाईक सिंगापूरचा नागरिक किंवा कायम रहिवासी असेल आणि त्याचे वय किमान २१ असेल, तर तो आपल्या सिंगपास या सरकारी ऑनलाइन ओळखीच्या खात्यातून तुमच्या वतीने ऑनलाइन अर्ज करू शकतो. नातेवाईक नोकरीच्या परवान्यावर असेल तर हा मार्ग बंद असतो, आणि मग भारतातील अधिकृत व्हिसा एजंटकडून अर्ज करावा लागतो. अशा वेळीही नातेवाइकाचे निमंत्रणपत्र आणि त्याच्या परवान्याची प्रत जोडलेली बरी. अर्जाचा नमुना ‘फॉर्म १४ए’ या नावाचा असतो. स्थानिक व्यक्तीच्या परिचयपत्राचा नमुना ‘व्ही३९ए’ हा असतो आणि त्यावर नागरिक किंवा कायम रहिवाशाचीच सही चालते. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काढलेला लागतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर असून ते अर्ज नाकारला गेला तरी परत मिळत नाही. एजंटचा आकार त्याशिवाय असतो. प्रवासाच्या तारखेआधीच्या ३० दिवसांतच अर्ज करायचा असतो, त्यामुळे तीन महिने आधी एजंटच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

व्हिसावर दोन वर्षांची मुदत दिसली म्हणून कोणी हुरळून जाऊ नये. ती मुदत देशात शिरण्याची असते. प्रत्येक खेपेला किती दिवस राहायचे ते विमानतळावर पोहोचल्यानंतर ठरते, आणि पासपोर्टवर शिक्का मारण्याची पद्धत आता बंद झाल्याने ती तारीख ई-मेलने येते. म्हणून अर्जात मुलाचा किंवा एजंटचा ई-मेल न देता स्वतः उघडून वाचता येईल असाच पत्ता द्यावा.

एसजी अरायव्हल कार्ड हे आगमनपत्र निराळे असते. पोहोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरावे. ते पूर्णपणे मोफत आहे. इंटरनेटवर शोधले की पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे वरती येतात; तिथे आपल्या बँकेच्या कार्डाचा क्रमांक देऊ नये. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याचे संकेतस्थळ किंवा त्यांचे मायआयसीए हे अॅप एवढेच वापरावे. यात राहण्याचा पत्ता विचारतात, आणि हा पत्ता हेच पुढच्या पायरीचे मूळ आहे.

तिसरी पायरी: पत्ता वाचायला शिकणे

सिंगापूरचा पत्ता आपल्या पत्त्यासारखा ‘मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीसमोर’ असा नसतो. त्यात ब्लॉकचा क्रमांक, रस्त्याचे नाव, हॅशचे चिन्ह लावलेला घराचा क्रमांक आणि सहा आकडी पोस्टल कोड असतो. आपला पिनकोड अख्ख्या पेठेचा असतो. तिथला कोड एकाच इमारतीचा असतो. टॅक्सीचालकाला किंवा नकाशाच्या अॅपला ते सहा आकडे दिले की गाडी नेमकी दारात उभी राहते. हॅशनंतरचे पहिले दोन आकडे मजल्याचे असतात आणि तळमजल्याला तिथे पहिला मजला म्हणतात, म्हणून हॅश ०८ म्हणजे आपल्या हिशेबाने सातवा मजला.

ब्लॉकचा क्रमांक इमारतीच्या बाजूच्या भिंतीवर दोन-तीन मजले उंचीच्या आकड्यांत रंगवलेला असतो आणि दुरूनही दिसतो. मला तो दिसला होता, पण क्रमांकामागचे ‘बी’ हे अक्षर मी क्षुल्लक समजले. ए, बी आणि सी या तीन स्वतंत्र इमारती असतात आणि त्यांचे पोस्टल कोडही वेगळे असतात. मी शेजारच्या इमारतीत गेले, बरोबर त्याच मजल्यावर त्याच क्रमांकाच्या दारासमोर उभी राहिले आणि घंटा वाजवली. दार उघडणाऱ्या चिनी आजींनी माझ्याकडे, माझ्या दोन बॅगांकडे आणि हातातल्या चकल्यांच्या डब्याकडे पाहिले, एक शब्द न बोलता माझा कागद घेतला, ‘बी’ या अक्षरावर बोट ठेवले आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या.

मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास पोहोचते आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. रात्री निघणारी विमाने सकाळी उतरतात, म्हणजे नेमकी घरातल्या माणसांच्या धावपळीच्या वेळी. आठवड्याच्या मधल्या दिवशी उतरणार असाल तर भाचीला विमानतळावर बोलावू नये. चांगी विमानतळावरून टॅक्सीने पुंगोल, तांपिनीस यांसारख्या भागांत अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. त्याऐवजी दार कसे उघडायचे, एवढे आधी विचारून ठेवावे. अनेक घरांना आता आकडे दाबून उघडणारे कुलूप असते. आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत आणि त्या कागदावर पत्ता मात्र लिहू नये.

चौथी पायरी: बॅगेत काय भरावे, काय भरू नये

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी पाहुण्याची खरी परीक्षा बॅगेत होते. प्रथम न्यायच्या नसलेल्या गोष्टी पाहू. च्युइंगगमच्या आयातीवर तिथे १९९२ पासून बंदी आहे. तंबाखू, गुटखा, खैनी असे चघळायचे पदार्थ पूर्ण निषिद्ध आहेत, ई-सिगारेटही निषिद्ध आहे आणि साध्या सिगारेटला करात काहीच सवलत नाही. पहिल्या सिगारेटपासून कर भरावा लागतो. मटण-चिकनचे पदार्थ नेऊ नयेत.

खसखस ही वस्तू मात्र कोणाच्याच ध्यानात येत नाही. खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो, म्हणून सिंगापूरमध्ये ती अंमली पदार्थविरोधी खात्याच्या नियंत्रणाखाली येते. आता आपल्या फराळाचा डबा आठवून पाहा. अनारसा खसखशीवर थापलेला असतो, डिंकाच्या लाडवात खसखस भाजून घातलेली असते, करंजीच्या सारणात ती असते आणि पुष्कळ घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. ज्या देशात अंमली पदार्थांसाठी मृत्युदंड आहे, तिथल्या कस्टम अधिकाऱ्याला अनारशाचे पाकशास्त्र समजावण्याची वेळ आपल्यावर येऊ देऊ नये. दिवाळीत न्यायचा फराळ घरीच, खसखस वगळून करावा. चकली, शेव, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू निर्धास्तपणे न्यावेत. अनारसे न्यायचेच असतील तर रव्यावर थापावेत. भाचीला फरक कळतो, पण ती बोलून दाखवत नाही.

औषधांच्या बाबतीतही असेच सावध राहावे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांची नेहमीची औषधे तीन महिन्यांपर्यंतच्या गरजेइतकी, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. झोपेच्या व चिंताशामक गोळ्या, तीव्र वेदनाशामके आणि कोडीनयुक्त खोकल्याची औषधे यांना मात्र तिथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. तिच्यासाठी अर्ज प्रवासाच्या किमान दहा कामकाजी दिवस आधी करावा. अल्प्राझोलामची पट्टी आपल्याकडे अनेक आजी-आजोबांच्या उशाशी असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता न्यायच्या वस्तू. तिथे काही मिळत नाही या समजुतीने तूरडाळ, पोहे आणि साबुदाणा यांची पोती नेण्याचा काळ सरला. लिटिल इंडियामधील मुस्तफा सेंटरमध्ये बाकरवडीपासून शेगडीच्या जाळीपर्यंत सर्व काही मिळते आणि हंगामात हापूससुद्धा येतो. मिळत नाही किंवा मनासारखे मिळत नाही ते घरचे: आईच्या हातची भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, मोदकाची आंबेमोहोराची पिठी, घरचे लोणचे. त्यातही काय हवे ते विचारावे आणि सांगितले तेवढेच न्यावे, कारण तिथल्या स्वयंपाकघरात साठवणीचे कपाट एकच असते. कोकमाचे आगळ न्यायचे असेल तर बाटलीच्या तोंडाला प्लास्टिक बांधून, बाटली दोन पिशव्यांत घालून, मग कपड्यांत गुंडाळावी. मी एकच पिशवी घातली होती. भाचेजावयांसाठी घेतलेला पांढरा शर्ट जांभळा होऊन सिंगापूरला पोहोचला.

विजेचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे आपल्यासारखाच असतो, पण प्लगच्या पिना चौकोनी असतात. एक अडॅप्टर इथूनच न्यावा, नाहीतर पहिल्याच रात्री भाचीचा चार्जर मागावा लागतो.

पाचवी पायरी: घरात वावरताना

चपला दाराबाहेरच्या मांडणीत काढाव्यात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. मात्र बाहेरचा तो मार्ग सर्वांच्या येण्या-जाण्याचा असतो, तिथे बॅगा किंवा खुर्ची ठेवू नये. नळाचे पाणी थेट पिण्याजोगे असते, उकळण्याची गरज नाही. गरम पाण्याच्या यंत्राचे बटण अनेकदा न्हाणीघराच्या बाहेर असते. अंघोळीनंतर ते आणि खोलीतून निघताना वातानुकूलन यंत्र आठवणीने बंद करावे, कारण महिन्याच्या बिलात या दोघांचाच वाटा मोठा असतो. यजमान बिलाबद्दल कधी बोलणार नाही. खिडकीतून खाली काहीही टाकू किंवा ठेवू नये, अगदी कठड्यावर वाळत ठेवलेला तांब्यासुद्धा नाही. उंचावरून वस्तू पडणे हा तिथे गंभीर गुन्हा समजला जातो. पिळून न घेतलेले कपडे बाहेरच्या काठीवर घातले तर पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर ठिबकते आणि तक्रार आपल्या भाचीकडे येते. रात्री साडेदहानंतर मोठ्या आवाजात बोलू नये. भारतात व्हिडिओ कॉल करताना आपला आवाज आपोआप चढतो, हे लक्षात ठेवावे. फोडणी करताना खिडकी उघडून पंखा लावावा, कारण नव्या घरांत धुराची सूचना देणारे यंत्र बसवलेले असते आणि ते मिरचीच्या फोडणीत व आगीत भेद करत नाही.

बऱ्याच घरांत फिलिपाइन्स, इंडोनेशिया किंवा म्यानमारहून आलेली मदतनीस राहत असते. तिला आपल्या सवयीने दर दहा मिनिटांनी हाका मारू नयेत. तिची कामे यजमानीणबाईंनी ठरवून दिलेली असतात, तिला आठवड्याची सुट्टी असते आणि ती बहुधा रविवारी असते. त्या दिवशी चहा आपण करावा आणि तिच्या वाट्याची भांडीही आपणच घासावीत. खिडक्यांच्या काचा बाहेरून पुसायला तिला कधीही सांगू नये. त्यावर सरकारी निर्बंध आहेत आणि ते अपघातांतून आलेले आहेत.

इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्याला तिथे व्हॉइड डेक म्हणतात. १९८९ पासूनच्या धोरणानुसार प्रत्येक ब्लॉकमध्ये चिनी, मलय, भारतीय अशी सर्व समाजांची कुटुंबे राहतील असे पाहिले जाते, त्यामुळे याच जागेत एका आठवड्यात मलय लग्नाचा मांडव आणि पुढच्या आठवड्यात चिनी कुटुंबाच्या अंत्यविधीचा मंडप दिसतो. हा मंडप काही दिवस असतो. तिथे लोक टेबलांभोवती बसून बोलत, शेंगा सोलत असतात, त्यामुळे नवख्याला तो समारंभ वाटतो. फोटो न काढता बाजूने निघून जावे. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पितरांसाठी पदपथाच्या कडेला उदबत्त्या, फळे आणि भात ठेवलेला असतो. आपल्या पितृपक्षाशी नाते सांगणारीच ही गोष्ट आहे. त्यावर पाय पडू देऊ नये.

सहावी पायरी: मधले पाच दिवस आपले आपण

यजमानाने रजा काढून आपल्याला फिरवावे, ही अपेक्षा मनातून काढून टाकावी. शहर एकट्याने फिरण्यासाठी इतके सोपे आहे की अपेक्षा ठेवण्याचे कारणच उरत नाही. एमआरटी रेल्वे आणि बस यांना स्पर्शाने चालणारे बँकेचे कार्ड चालते, फक्त निघण्यापूर्वी आपल्या बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय आणि स्पर्शविरहित व्यवहार सुरू करून घ्यावेत. परदेशी कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवसाला थोडा प्रशासकीय आकार लागतो, म्हणून आठवडाभर राहणाऱ्याने ईझेड-लिंक हे आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड घेतलेले बरे. प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते. एकाच कार्डावर ‘अहो, माझेही करा’ हे चालत नाही. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवावे लागते, विसरले तर शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहावे. गाडीत खाणे-पिणे वर्ज्य आहे, आणि पाण्याचा घोटही त्यात मोडतो.

पुंगोलचेच उदाहरण देते, कारण तो मार्ग मला पाठ आहे. नॉर्थ ईस्ट या जांभळ्या मार्गाने निघाले की गाडी न बदलता फेरर पार्क येते, जिथून मुस्तफा जवळ आहे. पुढचेच स्थानक लिटिल इंडिया. रविवारी तिथे कामगारांची प्रचंड गर्दी असते, म्हणून मंगळवार-बुधवारची सकाळ निवडावी. टेक्का सेंटरमध्ये खाली भाजी-मासळीचा बाजार भरतो आणि त्याच्या शेजारी शिजवलेल्या पदार्थांचे ठेले असतात. सेरांगून रस्त्यावरील कोमला विलास १९४७ पासून शाकाहारी जेवण वाढत आले आहे. इथले भारतीयपण मुख्यतः तमिळ आहे, आणि तमिळ ही सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांपैकी एक आहे, हे लक्षात ठेवले की ‘हिंदीत का बोलत नाहीत’ असा अजाण प्रश्न आपल्या तोंडून निघत नाही. त्यापुढचे स्थानक धोबी घाट. नावाने मुंबईकराला हसू येते आणि ते नाव खरोखरच तिथे कपडे धुणाऱ्या भारतीय धोब्यांवरून पडले आहे. स्थानकाजवळच्या कॅथे इमारतीत २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. त्यांच्या सेनेतील स्त्रियांच्या पलटणीला झाशीच्या राणीचे नाव होते. इमारतीचा दर्शनी भाग जपून ठेवला आहे. पर्यटकांच्या सहलीत हे ठिकाण बसत नाही, पण माझ्या मते मराठी माणसाने तिथे दहा मिनिटे थांबावे.

सेरांगून स्थानकावर सर्कल मार्गाची गाडी पकडली की बोटॅनिक गार्डन्सला जाता येते. २०१५ पासून हे उद्यान जागतिक वारसा यादीत आहे, प्रवेश मोफत असून फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट आहे. सकाळी आठला जावे, अकरानंतर ऊन सोसत नाही. दुपारी विसावा हवा असेल तर राहत्या भागातील सार्वजनिक ग्रंथालय गाठावे. पुंगोलचे २०२३ साली सुरू झालेले ग्रंथालय कित्येक मजल्यांचे आहे आणि तिथे बसून वाचायला कोणी ओळखपत्र मागत नाही.

जेवणासाठी हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली मांडलेली स्वस्त खाद्यपदार्थांची दुकाने, ही उत्तम सोय आहे. २०२० साली युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली. टेबलावर नुसते टिश्यूचे पाकीट पडलेले दिसले तर ती जागा कोणीतरी धरून ठेवलेली आहे, असे समजावे. आपल्या एसटीतल्या रुमालाची ती बहीण आहे. जेवणानंतर ताट उचलून ठरलेल्या ठिकाणी ठेवणे २०२१ पासून सक्तीचे झाले आहे. शाकाहारी माणसाने केवळ ‘व्हेज’ म्हणून थांबू नये, मासळी, कोळंबीची चटणी आणि अंडे नको असे वेगळे सांगावे. चहा कमी गोड हवा असेल तर ‘तेह सिऊ दाई’ म्हणावे. ठेलेवाल्यांना, टॅक्सीचालकांना अंकल आणि आंटी म्हणण्याची पद्धत आहे, तेव्हा आपल्या काका-मावशीची सवय तिथे उपयोगी पडते.

शनिवार-रविवार मात्र घराच्या हवाली करावेत. मरिना बे, गार्डन्स बाय द बेमधील रात्रीचा मोफत दिव्यांचा खेळ, प्राणिसंग्रहालय अशा मुलांना आवडणाऱ्या जागा त्यांच्याबरोबरच पाहाव्यात, आणि तिकिटांचे पैसे आधी ठरवून आपण भरावेत. लहान मूल बरोबर असेल तर अॅपवरून मागवलेल्या खासगी गाडीला १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलासाठी विशेष आसन लागते. रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे. गणपतीच्या दिवसांत गेल्यास महाराष्ट्र मंडळाच्या उत्सवाची चौकशी करावी. तिथे आपल्यापेक्षा भाचीलाच आपल्याबरोबर जाण्याचा आनंद जास्त होतो, असे मी पाहिले आहे.

दुखणेखुपणे

प्रवास विमा उतरवल्याशिवाय निघू नये. परदेशी पाहुण्याला सरकारी अनुदान मिळत नाही आणि रुग्णालयातील एका रात्रीचा खर्च विमानाच्या तिकिटाला मागे टाकू शकतो. तो भार शेवटी यजमानावर येतो. साध्या ताप-खोकल्यासाठी प्रत्येक वसाहतीत इमारतीखालीच खासगी दवाखाने असतात. रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९५ आणि पोलिसांचा ९९९ आहे.

ऑस्ट्रेलियाला जाता-येता थांबायचे असेल तर

मेलबर्नच्या मुलाकडे जाताना वाटेत सिंगापूरच्या बहिणीला भेटावे, असा बेत पुष्कळ जण करतात. ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जर्मनी, जपान, न्यूझीलंड किंवा स्वित्झर्लंड यांचा वैध व्हिसा आणि पुढच्या प्रवासाचे पक्के तिकीट असलेल्या भारतीय प्रवाशाला सिंगापूरमध्ये ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय थांबण्याची सवलत मिळू शकते. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर ती सवलत परतीच्या वाटेवर आणि त्या देशातून थेट येतानाच लागू होते. प्रवेश द्यायचा की नाही हे विमानतळावरील अधिकारी ठरवतात, म्हणून बहिणीकडे मंगळागौरीचा कार्यक्रम किंवा डोहाळेजेवण ठरलेले असेल, तर सवलतीच्या भरवशावर न राहता रीतसर व्हिसा घ्यावा. एवढ्या थोड्या वेळात शहर पाहण्याचा हट्ट धरू नये. एक दिवस घरात घालवावा, एक संध्याकाळ बाहेर.

निघण्याच्या दिवशी

एकाच दुकानात किमान १०० डॉलरची खरेदी केलेली असेल, तर त्यावरील ९ टक्के वस्तू व सेवा कराचा परतावा विमानतळावरच्या यंत्रावर मागता येतो. दुकानाने त्यासाठी कापलेला आकार वजा होतो आणि खरेदी करताना मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. वस्तू तपासणीसाठी मागितल्या जाऊ शकतात, म्हणून मोठी बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्याआधी ते काम उरकावे आणि त्यासाठी नेहमीपेक्षा तासभर आधी निघावे. ज्वेल या संकुलातील चाळीस मीटर उंचीचा धबधबा तपासणीच्या अलीकडेच आहे, त्यामुळे सोडायला आलेल्या मंडळींबरोबर तिथे बसून निरोप घेता येतो.

घर सोडताना पलंगावरची चादर आणि उशीचे अभ्रे काढून धुण्याच्या यंत्रात टाकावेत, रिकामे झालेले डबे धुऊन बॅगेत परत घ्यावेत आणि दाराच्या कुलपाचे आकडे लिहिलेला कागद फाडून टाकावा. ईझेड-लिंक कार्डात थोडे पैसे उरलेलेच असतात. माझे कार्ड भाचीच्या चपलांच्या मांडणीवरच्या वाटीत असते. मागच्या वेळी ते तिच्या सासूबाईंनी वापरले, आणि येत्या जूनमध्ये माझ्या धाकट्या बहिणीला ते तिथेच मिळेल.